पंख्याचा पट्टा हौसाच्या गळ्यात

नऊवारी लुगडं पिळायला दोन माणसं लागतात. एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं दुसरं, आणि एकानं उजवीकडं तर दुसऱ्यानं डावीकडं पीळ घालत जायचं. आम्ही नवराबायकोनं हे काम चाळीसच्या वर वर्षं केलं. गेल्या श्रावणातल्या एका सकाळीही केलं. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या दोन खोल्यांच्या मागं बोळ आहे, तिथं. ती न्हाणीच्या दाराशी उभी, मी बोळाच्या तोंडाशी. लुगडं जांभळं, हिरव्या काठाचं. निम्मा पीळ बसला आणि माझे हात भरून आले, म्हणून मी जरा थांबलो.

"आत्ता थांबतायसा व्हय?" हौसा म्हणाली. "तवा थांबला न्हाईसा!"

आणि हसली. दात राहिले नव्हते, त्यामुळं हसली की तिचं सगळं तोंडच हसायचं. मी म्हटलं, "गप्प पीळ." पिळून झालं. तिनं ते झटकून दोरीवर टाकलं, पदर रस्त्याच्या बाजूला करून. मग "जरा पाठ टेकतो" म्हणून आत गेली. आमच्याकडं बायकाही आलो, गेलो, टेकतो असंच बोलतात, परगावच्या वाचकांनी घोटाळा करून घेऊ नये. मी चहा केला आणि हाक मारली. ती उठली नाही.

हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढं लिहिताना मला अडकायला होणार नाही.

दिवाळी अंक काढणारी मंडळी दोन वर्षं माझ्या मागं होती. "दत्तूमामा, पूर्वी तुम्ही पुरातनं गाडी घालत होता, ते लिहा की." मी चौथीपर्यंत शिकलोय. मी हौसाला म्हणायचो, काय लिहायचं त्यात, पाणी होतं आणि गाडी घातली. ती म्हणायची, "लिवा. पण माझं नाव घाला. चालत मी हुतो." आता लिहितोय, तर नाव घातलंय. वर मथळ्यातच घातलंय.

संस्थान विलीन झालं, त्याच्या आगेमागे मी भाड्याची गाडी चालवायला लागलो. गाडी माझी नव्हती. मालक शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. गाडी जुनी, अमेरिकन बनावटीची, कापडी टपाची, उंच चाकांची. हँडल मारून चालू करायची. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा अशी भाडी असायची. पावसाळ्यात यातला एकही रस्ता सबंध राहायचा नाही. पन्हाळ्याच्या रस्त्याचं तर ठरलेलंच. पंचगंगा चढली की आंबेवाडीजवळ पात्र सोडते आणि शेतातनं सरळ रस्त्यावर येते. त्याला आमच्याकडं "रेडेडोह फुटला" म्हणतात. डोह फुटला की अलीकडचा माणूस अलीकडं, पलीकडचा पलीकडं. पण माणसाची कामं थोडीच थांबतात? मग लोक स्टँडवर येऊन विचारायचे, "पाण्यात घालणारा डायवर कोण हाय?" आणि बाकीचे ड्रायव्हर माझ्याकडं बोट दाखवायचे. त्यात कौतुक किती आणि मला बुडवायची हौस किती, ते त्यांनाच माहीत.

लोकांना वाटतं गाडीला पाणी बुडवतं. तसं नाही. गाडी स्वतःलाच बुडवते. इंजिनाच्या तोंडाशी पंखा असतो. पाणी त्याच्या पात्याला लागलं की तो ते सगळ्या इंजिनावर उडवतो, ठिणगी वाटणारी डबी भिजते आणि गाडी मधेच गप्प होते. म्हणून पाण्यात जायच्या आधी पंख्याचा पट्टा काढून ठेवायचा. पंखा थांबला की निम्मं काम झालं. मग त्या डबीला चिंधी गुंडाळायची. मी हौसाच्या जुन्या लुगड्याची चिंधी मेणात बुडवून ठेवलेली असायची. त्यानंतर पहिला गेर, अक्सिलेटरवर पाय, आणि तो पाय पलीकडचा कोरडा रस्ता लागेपर्यंत उचलायचा नाही. जोरात जायचं नाही, म्हशीच्या चालीनं जायचं, पण पाय तसूभर हलता कामा नये. पाय उचलला की मागच्या नळीतनं धूर बाहेर येईनासा होतो आणि त्याच वाटेनं पाणी आत शिरतं. मग गाडी बैलांनी ओढून काढायची.

आता रस्ता. पाण्याखाली रस्ता दिसत नाही. दोन्हीकडं झाडं दिसतात, पण झाड आणि रस्ता यांच्यामध्ये चर असतो, आणि रस्त्याखालनं पाणी जायची मोरी असेल तिथं काय असतं ते देवाला ठाऊक. म्हणून गाडीच्या पुढं एक माणूस काठी घेऊन चालायचा. काठी उभी धरली, सरळ या. काठी डावीकडं कलली, डावीकडं घ्या. चालणाऱ्यानं मागं बघायचं नाही आणि ड्रायव्हरनं त्याच्यासाठी थांबायचं नाही. एवढाच कायदा.

पहिल्या वर्षी मी भाड्यानं माणूस घेतला होता. त्यानं सकाळीच ढोसलेली. काठी उभी धरून मला सरळ उसाच्या फडात नेलं. त्याच वर्षी आणखी एक घोटाळा झाला, तो मात्र माझा. पाण्यातनं सुखरूप निघाल्याच्या आनंदात मी पट्टा परत चढवायचा विसरलो. तीन मैल गाणी म्हणत आलो आणि गाडीनं वाफ सोडली. पंखा नसेल तर इंजिन गार कशानं होणार? हे हौसाला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग जो म्होरं चालतोय त्याच्या गळ्यातच घालायचा की पट्टा. पल्याड गेल्यावर त्यो तुमच्यासमोर हुबा ऱ्हातोय. तवा तरी दिसंल का न्हाई?"

चौथी पास मी होतो. ती शाळेच्या दारातही गेली नव्हती.

ती आंबेवाडीची. लहानपण म्हशींच्या मागं त्याच पाण्यात गेलेलं. पुढच्या पावसाळ्यात तिला माहेरी सोडायला निघालो होतो, गाडीत एक प्रवासी होता, आणि भाड्याचा माणूस पाणी बघून पळाला. हौसा खाली उतरली, लुगडं खोचलं, पट्टा गळ्यात घातला आणि चालायला लागली. तेव्हापासून तीच. स्टँडवर फार टिंगल झाली. "दत्तू, बैल परवडंना व्हय रं, बायकू जुपलीस?" मी म्हणायचो, "तुज्या बायकूला घरातनं चुलीपतोर वाट सापडंना, ती माज्या बायकूला इचारून ये."

एका वकीलसाहेबांना पन्हाळ्यावर न्यायचं होतं. पाय वर घेऊन, बूट मांडीवर ठेवून बसले होते. निम्म्या पाण्यात त्यांना शंका आली. "दत्तोबा, पाणी कितपत आहे, बघू द्या," म्हणाले, आणि दार उघडलं. पाणी किती आहे ते लगेच कळलं. बूट निघाले पोहायला. हौसानं कायदा मोडून मागं बघितलं आणि ओरडली, "अवं वकीलसायब, घराचं दार हाय व्हय ते? लावा!" साहेब कोर्टात कुणाचं ऐकत नसत म्हणे. दार मुकाट्यानं लावलं.

घरी आलो की इंजिनातले ठिणगीचे पलग काढून सुकवायचे. हौसा ते भाकरीच्या तव्यावर ठेवायची. पुढचे दोन दिवस भाकरीला पेट्रोलचा वास. मी कुरकुरलो की म्हणायची, "खावा. डायवराच्या घरात काय केवड्याचा वास यील?"

आता ती गोष्ट.

आषाढ संपत आला होता. मी सकाळी एका साहेबांना पन्हाळ्यावर सोडलं. हौसा केर्लीत मावशीकडं राहिली होती, तिला परतताना घ्यायची होती. सकाळी जाताना रस्ता कोरडा होता. दुपारी केर्लीच्या चहाच्या टपरीपाशी आलो, तर पुढं रस्ता नाहीच. डोह फुटला होता. फर्लांगभर पाणी, मध्ये झाडांच्या दोन रांगा. काठी घालून बघितलं तर मांडीला लागत होतं, आणि त्याला ओढ होती. माझा नियम गुडघ्याच्या वर चार बोटं, त्यापुढं नाही. त्यामुळं खरं सांगायचं तर माझा गाडी घालायचा विचार नव्हता. मी चहा मागवला. हौसा पिशवी घेऊन आली, पाणी बघितलं आणि म्हणाली, "आज मावशीकडंच ऱ्हाऊ या. पिठलं करतो." मी म्हटलं, बरं.

तेवढ्यात डोंगराकडनं एक बैलगाडी आली. बैलांच्या तोंडाला फेस. गाडी हाकणारा तरणा गडी होता आणि मागं एक बाई उभी होती. उभी, बसलेली नाही. तिनं चार-पाच वर्षांची पोर खांद्यावर उभी धरली होती. त्या पोरीचा श्वास मला टपरीत बसून ऐकू आला. ओल्या लाकडात करवत अडकावी तसा.

"पावणं, मोटार तुमची व्हय?" गड्यानं विचारलं.

"मालकाची हाय. काय झालंय?"

"माज्या भावाची पोरगी, शेवंता. घटसर्प हाय म्हनला वैद्य. घशात पडदा धरलाय. कोल्लापूरच्या सरकारी दवाखान्यात न्या म्हनला, सांज हुयाच्या आत."

"सांज व्हायच्या आत न्हाई तर?"

त्यानं बाईकडं बघितलं. बाई म्हणाली, "बसली की घुसमटतीया. सकाळधरनं हुबीच धरलीया."

टपरीत गणूतात्या बसला होता. गूळ कढवायची लोखंडी काहील आमच्याकडं पुरात होडीसारखी वापरतात, ती हा चालवायचा. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवली. "ह्या ओढीला काहील सरळ नदीत जाईल. फर्लांगभर दोर पायजे आनि दोर धराय सा गडी पायजेत. ते गोळा करस्तवर दिवस जातोय बग. आनि दत्तू, मोरीपाशी पाणी उसळाय लागलंय. तितं रस्ता ऱ्हायलाय का न्हाई, म्या सांगत न्हाई."

मी पोरीकडं बघितलं. ओठ निळे झाले होते. डोळे मात्र उघडे, आणि माझ्या हातातल्या बशीकडं बघत होती.

हौसानं आपली बशी खाली ठेवली. "पट्टा काढा," म्हणाली.

"अगं, मोरी—"

"मोरीपाशी काय झालंय कुणाला म्हाईत न्हाई. म्हनून तर म्होरं मानूस पायजे."

तो तरणा गडी पुढं आला. "वैनी, मी चालतो की."

"तुमी डोंगरचं. ह्यो रस्ता डोळ्यांनी न्हाई, पायानं वळकाय लागतोय. तुमी बैलं सोडा आनि हितंच ऱ्हावा."

मी पट्टा काढला. डबीला चिंधी बांधली. टप खाली पाडला, म्हणजे त्या बाईला मागच्या सीटवर पोरीला उभी धरता येईल. हौसानं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, पट्टा गळ्यात घातला आणि माझ्या बाजूला आली.

"मी पडलो तर थांबायचं न्हाई."

मी "हं" म्हटलं.

"हं न्हाई. व्हय म्हना."

"व्हय."

निघालो. पाणी पहिल्या शंभर पावलांतच फळ्यांमधनं वर आलं आणि माझ्या घोट्यांना लागलं. गार. इंजिन बरं बोलत होतं. हौसा दहा हात पुढं, काठी उभी. एक पाऊल टाकायची, अंगठ्यानं चाचपायची, मग दुसरं. मागं ती करवत चालू होती. मी त्या आवाजावरच गाडी हाकत होतो म्हणा ना. तो चालू आहे तोवर सगळं ठीक.

निम्मं पाणी ओलांडल्यावर मोरी. कठड्याचा दगड पाण्याखाली होता, हौसा तो काठीनं शोधत होती. एकदा ठक् वाजलं. काठी उभी राहिली. मी सरळ आलो. आणि पुढच्याच पावलाला ती उजव्या अंगानं खाली गेली. ओरडली नाही. काठी तेवढी पाण्यावर राहिली, ती डावीकडं कलली, सरळसरळ डावीकडं, आणि मग तीही गेली.

मी चाक डावीकडं वळवलं. मागचं उजवं चाक एकदा खाली बसलं, गाडी कलली, आणि वर आली. मागं बाई किंचाळली, "आवं थांबा! बाई गेली तुमची! थांबा की वो!"

पाय तसाच होता.

पलीकडं कोरड्या रस्त्याला लागलो तेव्हा गाडी उभी केली आणि मागं बघितलं. झाडं, पाणी. ती पडली त्या अंगाला शेतात एक बाभूळ निम्मी बुडालेली. माणूस दिसला नाही. ती बाई म्हणाली, "तुमी जावा माघारी. मी पोरगीला घिऊन चालत जातो." कोल्हापूर चार मैल होतं. मी म्हटलं, "बसा गप," आणि पट्टा चढवायला बॉनेट उघडलं.

पट्टा कुठला? तो हौसाच्या गळ्यात.

तो रस्ता मी कसा आलो ते थोडक्यात सांगतो. पंख्याशिवाय इंजिन मैलभर सोसतं, मग तापतं. तीन वेळा उभा राहिलो. चिंधीनं झाकण उघडायचं, वाफ तोंडावर घ्यायची, डब्यानं चरातलं पाणी ओतायचं. तापल्या लोखंडात गार पाणी ओतू नये, हे मला माहीत होतं. ओतलं. शिवाजी पुलावर येईपर्यंत इंजिन आतनं ठोके द्यायला लागलं, आणि दवाखान्याच्या फाटकात आलं तेव्हा जे बंद पडलं ते पडलंच. पोरीची करवत तोवर बारीक झाली होती, मधेच थांबायची. डॉक्टरांनी तिला टेबलावर घेतलं, दार लावलं. मी व्हरांड्यात उभा होतो. काही वेळानं आतनं शीळ घातल्यासारखा आवाज आला, मग पुन्हा, मग एकसारखा. गळ्याला भोक पाडून नळी घातली होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "अर्धा तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती."

मी दवाखान्यातल्या एका कंपाउंडरची सायकल मागितली. त्यानं लगेच आणून दिली.

दिवस मावळायच्या आत पाण्यापाशी आलो. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. काहील उपडी घालून ठेवलेली दिसली. आणि त्या माणसांच्या पुढं, अगदी पाण्याला लागून, कुणीतरी जांभळ्या लुगड्यातलं उभं होतं आणि हातात काळं, गोल असं काही धरून हलवत होतं.

"पोरगी?" पाण्यावरनं आवाज आला.

मी तोंडाला हात लावून ओरडलो, "श्वास घेतीया!"

"गाडी?"

"उकाळली!"

मग, "उकाळणारच की! पट्टा हितं हाय!"

पलीकडची माणसं हसलेली मला ऐकू आली. मी सायकल खाली टाकली आणि तिथंच रस्त्यावर बसलो.

ती त्या बाभळीला जाऊन अडकली होती. शेवंताच्या काकानं आणि गणूतात्यानं बाभळीपर्यंत पुरेल एवढा दोर टपरीतल्या माणसांच्या हाती देऊन काहील तेवढ्यापुरती सोडली आणि तिला काढली. पाणी दोन दिवस उतरलं नाही. मी दोन्ही दिवस संध्याकाळी अलीकडच्या काठाला जायचो, ती पलीकडच्या काठाला यायची. "जेवलासा?" "जेवलो." "काय?" "भात." "भाजी केला न्हाईसा?" सगळी केर्ली ऐकायची. तिसऱ्या दिवशी ती आली, तर दोन्ही तळहात सुजलेले. बाभळीचे काटे मी आठवडाभर सुईनं काढत होतो.

इंजिनाचं डोकं तडकलं होतं. मालक गाडीभोवती दोनदा फिरले. मी मान खाली घालून उभा. म्हणाले, "पोरगी जगली न्हवं?" म्हटलं, "जगली." "मग तोंड कशाला पाडतोस? मी काय आईबापाला गाडी माग म्हणून सांगणार हाय?" असे मालक मला परत भेटले नाहीत.

शेवंता मोठी झाली, गळ्यावर रुपयाएवढा वण घेऊन. हौसाला आत्ती म्हणायची, नागपंचमीला न चुकता यायची. तिच्यासमोर, पाव्हण्यांसमोर हौसा छाती पुढं काढून सांगायची, "पर ह्ये थांबलं न्हाईत हं." आणि मी बाजारातनं काही विसरून आलो, तिच्या दुखण्याकडं लक्ष दिलं नाही, की तेच वाक्य मिठाचं बोट लावल्यासारखं यायचं. "तुमी कशाला थांबतासा? तवा थांबला न्हाईसा."

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. स्टँडवर मी इतकी वर्षं सांगत आलो, की त्या वेळी मी पोरीचा विचार केला. लोक माना डोलवायचे. ते खोटं आहे. मी कसलाच विचार केला नाही. पाय दाबलेला होता, तो दाबलेलाच राहिला. दुसरा कुणी पडला असता तरी तो राहिलाच असता. हौसा पडली तरी राहिला, एवढंच. पोर वाचली ती माझ्या सवयीनं आणि हौसाच्या काठीनं. हे मला हौसाला सांगायचं होतं. मी त्या "व्हय"चा मान ठेवला म्हणून तिनं मला मोठं केलं, आणि मला तर तो "व्हय" त्या वेळी आठवलाही नव्हता.

पुढच्या वर्षी एका कापडवाल्या शेटजींना घेऊन पुन्हा पाण्यात गेलो. माझं मन नव्हतं, पण हौसा म्हणाली, "दुसरा मानूस घेतलासा तर त्यो फडात न्हील." पाणी गुडघ्याला. निम्म्यात तिचा पाय नुसता घसरला. पडली नाही, लगेच सावरली. पण माझा पाय वर आला होता. गाडी गटांगळ्या खाऊन बंद पडली. शेटजी शिव्या देत सीटवर उभे राहिले, बैल आणावे लागले. हौसा पाण्यातनं माघारी आली, गळ्यातला पट्टा काढून माझ्या हातात दिला.

"तुमच्यातला डायवर सपला बगा," म्हणाली.

रागावली होती असं वाटलं नाही. पण हसलीही नाही. त्यानंतर मी पाण्यात गाडी घातली नाही. घाटाची, कोरड्या रस्त्याची भाडी केली, मग मालट्रक चालवला, मग डोळे अधू झाले तेव्हा घरी बसलो. त्या वेळी थांबलो नाही ते तिला सलत होतं, की पुढच्या वेळी थांबलो ते? विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ती काही मनात ठेवणारी बाई नव्हती. मीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मला पायाचं खरं सांगावं लागलं असतं.

त्या दिवशी श्रावणात, पिळता पिळता ती ते हसत बोलली. मी "गप्प पीळ" म्हटलं. ते माझं तिच्याशी शेवटचं बोलणं.

सवाष्ण गेली. नव्या हिरव्या लुगड्यात दिवस मावळायच्या आत तिला पंचगंगेवर पोचवली. शेवंता आली होती, तिनंच तोंडात पाणी घातलं. इचलकरंजीला दिलेली आमची लेक आली. लोक बसले, गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून मागच्या बोळात आलो. जांभळं लुगडं दोरीवर तसंच होतं. रात्रभर पाऊस लागला होता, ते आत घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं. पाण्यानं जड होऊन दोरी पार खाली आली होती आणि काठातनं ठिबकत होतं. मी ते काढलं. शेजारची सून दारात उभी होती. "मामा, आणा हिकडं, मी धरतो एक टोक."

म्हटलं, "नगो."

एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. दुसरं धरून बोळाच्या तोंडाशी गेलो आणि पीळ घालायला लागलो. गज उलटा फिरत नाही. त्यामुळं सगळा पीळ आपणच घालावा लागतो, आणि दुप्पट वेळ लागतो. निम्म्यावर हात भरून आले. थांबलो नाही. पाणी निघायचं बंद झाल्यावर गजाची गाठ सोडली, लुगडं झटकलं आणि दोरीवर टाकलं, पदर रस्त्याच्या बाजूला करून.